वाडा उतरवण्याआधी माळा रिकामा करताना : माझा अनुभव

सांगलीजवळ कृष्णाकाठच्या गावात आमचा जुना वाडा आहे. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया आणि कडीपाट (तुळयांवरची फळ्यांची जमीन). 2019 च्या महापुरात खालच्या मजल्यात पाणी शिरलं, भिंतींनी ओल धरली आणि अखेर मागचे खण, म्हणजे दोन तुळयांमधले भाग, उतरवायचं ठरलं. माणसं लागण्याआधी माळा, फडताळं, धान्य साठवायचं बळद आणि देवघर रिकामं करणं भाग होतं. ते करताना जे कळलं ते इथे लिहितो, कारण बऱ्याच घरांत हे काम एका दुपारी उरकलं जातं आणि घराचा अर्धा इतिहास भंगारवाल्याच्या टेम्पोत जातो.

पहिलं काम कागदावरचं. वाड्याचा साधा नकाशा काढून प्रत्येक खणाला क्रमांक दिला. एक जाड वही घेतली आणि तिच्यात रकाने आखले : क्रमांक, कुठे सापडलं, कशासोबत सापडलं, वजन-माप, कोण हजर होतं. प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधायची आणि क्रमांक शिसपेन्सिलीने लिहायचा, कारण पेनाची शाई ओलीत पसरते. वस्तू हलवण्याआधी जागेवरच फोटो, शेजारी सहा इंची पट्टी ठेवून. ‘कशासोबत’ हा रकाना सगळ्यांत मोलाचा. पानाच्या डब्यात घडी करून ठेवलेली चिठ्ठी त्या डब्याबरोबरच राहिली, तर डबा कोणाचा ते कळतं. ती वेगळ्या पिशवीत गेली की दोन्ही मुकी होतात.

हे काम पावसाळ्याआधी, कोरड्या हवेत करावं. माळ्यावर वटवाघळांची विष्ठा आणि जुनी धूळ असते, म्हणून एन-95 मास्क आणि जाड हातमोजे हवेतच. पाटांवर पाय न देता तुळईच्या रेषेवर फळी टाकून चालायचं. पाट वरून धड दिसला तरी खालून वाळवीने पोकळ केलेला असतो. गोणपाटाखाली थेट हात घालू नये, काठीने उचलून बघावं. विंचू तिथेच असतो. अंगणात पेव, म्हणजे जमिनीखालचं साठवणीचं कोठार, असेल तर जास्तच जपायला हवं. हळदीच्या पेवांसाठी हरिपूर प्रसिद्धच आहे, आणि तिकडच्या जुन्या लोकांना हे पाठ असतं : बंद पेवात प्राणवायू उरत नाही आणि आत साठलेल्या वायूला वास नसतो. तोंड उघडून ते मोकळं ठेवावं, कंदील दोरीने खाली सोडावा. तो विझला तर उतरायचंच नाही. पेटता राहिला तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं असल्याशिवाय उतरू नये.

बंद पेट्यांची कुलपं फोडण्याची घाई नको. चावीच्या छिद्रात रॉकेलचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवलं की गंज सैल होतो. नाहीच उघडलं तर मागच्या बिजागऱ्यांची खीळ ठोकून काढता येते. पेटी आणि कुलूप दोन्ही शाबूत राहतात.

आता भांडी. हंडे, घंगाळ, तपेली, पराती, समया निघाल्या की कोणीतरी चिंच-मीठ घेऊन बसतंच. त्याला थांबवावं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत होती, छिन्नीच्या टोकाने ठिपके ठोकून. काठाच्या खाली बोटाने चाचपलं की खरखर लागते. तिथे कोरड्या बोटाने तांदळाची पिठी चोळायची, जास्तीची फुंकरीने उडवायची आणि मोबाइलची बॅटरी भांड्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरायची. ठिपक्यांत पिठी राहते आणि अक्षरं उठून दिसतात. एका तपेलीवर अशीच ओळ निघाली : माहेरचं आडनाव, ‘हिजकडून भेट’ आणि शके 1846. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे 1924-25 चं लग्न. आत्याने आडनाव ऐकताच तपेली कुठल्या घरातून आली ते सांगितलं. घासणीने घासून घासून हेच ठिपके आधी जातात.

वापरात घ्यायची तांब्या-पितळेची भांडी आधी पाणी भरून रात्रभर ठेवावीत. सांधा झिरपत असेल तर कल्हईआधी झाळून घ्यावा. कल्हई म्हणजे भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने पसरवायचं. ठिकठिकाणी काळे डाग राहिले तर आत चिकट मळ होता किंवा भांडं पुरेसं तापलं नव्हतं असं समजावं. नवसागराचा धूर घशाला लागतो, म्हणून हे अंगणातच. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, आमटी, चिंच काही ठेवू नये.

देवघरातले चांदीचे टाक, म्हणजे देवांच्या उठावाच्या पत्र्याच्या प्रतिमा, मात्र कोणत्याही द्रावात बुडवू नयेत. पत्रा कागदासारखा पातळ असतो आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने देवाचा चेहरा आधीच बुजलेला असतो. मऊ सुती कापडाने कोरडं पुसावं, बस. झिजलेले टाक विसर्जित करायचे की जपून ठेवायचे हे सगळ्या भावकीने मिळून ठरवावं. एकट्याने ठरवलं की पुढे बोल लागतो.

दागिन्यांत बोरमाळ आणि साज यांचे मणी बहुधा पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. म्हणून वजन केलं तरी ते सगळं सोनं नसतं. गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवले तर लाख सुटते. कुजलेल्या दोऱ्यातली माळ उचलायची नाही; आहे तशी फोटो घेऊन, मण्यांच्या क्रमासह पुठ्ठ्यावर सरकवून पटवेकऱ्याकडे (दागिने ओवणाऱ्याकडे) न्यायची. शुद्धता बघायला कसोटीवर घासण्यापेक्षा यंत्रावर तपासून घेतलेली बरी, सोनं झिजत नाही. नथीच्या मोत्यांना साबण, व्हिनेगर, अत्तर काही लावू नये.

नाणी धुवायची नाहीत. ब्रिटिश अमलातला जुना रुपया 11.66 ग्रॅमचा आणि साडेएक्याण्णव टक्क्यांहून थोडी जास्त चांदीचा असतो. 1940 पासून चांदी निम्मी झाली आणि 1947 चा रुपया निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटतो. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर ‘क्वीन’ असेल तर ते 1877 च्या आधीचं, ‘एम्प्रेस’ असेल तर नंतरचं. जुन्या नाण्यावरचा काळपट थर घासून काढला की जाणता संग्राहक ते नाणं बाजूला सारतो.

जरीचे शालू, पैठण्या झटकू नयेत. घडीच्या रेषेवरच कापड चिरतं. पुठ्ठ्याच्या नळीला धुतलेली मलमल गुंडाळून त्यावर लुगडं सैल गुंडाळावं. ‘जुनी जर घेतो’ म्हणत दारावर येणारे ती जाळून चांदी काढतात आणि वजनावर पैसे देतात. त्यांना पैठणी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सर्वांत नाजूक म्हणजे रुमाल, लाल कापडात बांधलेले मोडी कागद. गाठ सोडताना कागदांचा क्रम मोडू द्यायचा नाही. वाळवायचे ते सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर, टीपकागदात. ओले गठ्ठे लगेच सोडवता येत नसतील तर प्लास्टिक पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवावेत. बुरशी थांबते आणि सवडीने काम करता येतं. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि कीटकनाशकाचा फवारा यांपासून कागद दूर ठेवावेत. काजळाची शाई पाण्याने पुसली जाते, म्हणून ओलं फडकं लावायचं नाही.

तारखा वाचताना थोडी ओळख लागते. पेशवाईतल्या कागदांवर ‘समान सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं : अरबी आकड्यांत आठ, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन 1178. त्यात 599 मिळवले की 1777-78. कागदावर ‘दक्षिण सातारा जिल्हा’ असेल तर तो 1949 ते 1960 मधला, कारण सांगली जिल्हा तेव्हा त्या नावाने होता. मोडी वाचणारा जाणकार मिळत नसेल तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ इथे चौकशी करावी. मूळ कागद कोणाला नेऊ देऊ नयेत, आधी फोटो द्यावेत.

कायद्याची बाजू थोडक्यात. पेटीत किंवा माळ्यावर उघड ठेवलेली घरची वस्तू वेगळी. पण भिंतीत चिणलेलं किंवा जमिनीत पुरलेलं काही निघालं आणि त्याची किंमत 10 रुपयांहून जास्त असली, तर 1878 च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं : काय, अंदाजे किती, कुठे, कधी. खोदकाम तिथेच थांबवून हे पत्र आधी द्यावं. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं यांना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो. काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि परदेशी पाठवायला बंदी आहे. ठासणीची बंदूक निघाली तर दट्ट्या-चापाला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवावं. नळीत जुनी दारू भरलेली असू शकते.

वाटणीच्या दिवशी भाऊ, बहिणी, आत्या, काकांची मुलं सगळ्यांना बोलवावं. वडिलोपार्जित मालमत्तेत 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क आहे, आणि नाव घातलेलं भांडं ज्या बाईच्या माहेरचं, ते तिच्या लेकीसुनांना विचारूनच द्यावं. वहीच्या प्रत्येक पानावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि पानाचे फोटो सगळ्यांना पाठवावेत. कागदपत्रांची वाटणी करू नये. मूळ एका घरी, प्रती प्रत्येकाकडे.

ठेवताना लाकडी पेटीत आम्लविरहित कागदाचं अस्तर द्यावं, वेखंडाचे तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावेत आणि पेटी जमिनीपासून उंच, पुराच्या खुणेच्या बरीच वर असावी. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाली की उघडून कसर (कापड-कागद खाणारी कीड) आहे का बघावं आणि वेखंड बदलावं.