गिऱ्हाइकाला न विचारायची गोष्ट

डिसेंबरची १५ तारीख, त्यात सोमवार. जपानी कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या सर्ववस्तू दुकानात, काम करणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरतं. सम महिन्याच्या १५ तारखेला इथल्या वृद्धांच्या खात्यात दोन महिन्यांचं सरकारी पेन्शन एकदम जमा होतं आणि सोमवारी 'शोनेन जंप' या मांगा साप्ताहिकाचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, नवा अंक येतो. म्हणजे एटीएमपुढे आजी-आजोबा आणि मासिकांच्या रॅकपुढे मांगावेडे. हे मांगावेडे म्हणजे शाळकरी पोरं असतील असं कुणाला वाटेल, पण सकाळी अंक उचलून नेणारे निम्मे तरी टाय लावलेले बाप्ये असतात. त्यात डिसेंबर, म्हणजे ख्रिसमस केकच्या ऑर्डरी, वर्षअखेरीच्या भेटींची पार्सलं आणि नववर्षाची पोस्टकार्डं.

दुकान तोक्योच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईजवळ. या भागात भारतीय इतके की गल्ल्यावर मराठी ऐकू आलं तरी आता दचकायला होत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला इथे आठवड्याला २८ तासच काम करता येतं, तेही इमिग्रेशनकडून वेगळी परवानगी काढून. म्हणून माझ्या पाच तासांच्या पाच पाळ्या, सकाळी नऊ ते दुपारी दोन. म्हणजे दुपारची गर्दी कधी चुकत नाही.

साडेअकरा ते एक या वेळात माणशी अर्धं मिनिट मिळालं तरी खूप. तेवढ्यात बोलायची वाक्यं ठरलेली असतात: इराश्शाइमासे (या, स्वागत आहे), पिशवी हवी का, गरम करू का, चमचा की चॉपस्टिक्स. पिशवीचा प्रश्न जुलै २०२० पासून आला, कारण तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात. 'गरम करू का' हा प्रश्न साधा वाटतो, पण खरी गडबड तिथेच होते. घरचा मायक्रोवेव्ह बहुतेक ५०० वॅटचा, आमचा १५०० वॅटचा. डब्याच्या लेबलवर दोन्हींच्या वेळा छापलेल्या असतात. घरी अडीच मिनिटं लागणारा बेंतो, म्हणजे तयार जेवणाचा डबा, आमच्याकडे पाऊण मिनिटात वाफाळतो. घाईत घरची वेळ दाबली गेली की झाकण वितळून भाताला चिकटतं. डब्यावर मेयोनेजची किंवा सॉसची पुडी चिकटवलेली असेल तर ती आधी सोलून काढायची. नाही काढली तर आत फुटते, आणि पुढच्या तीन गिऱ्हाइकांच्या डब्यांना तोच वास लागतो.

ही वाक्यं पाठ करताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. यातला एकही प्रश्न माणसाबद्दल नसतो, सगळे वस्तूबद्दल असतात. दारूची बाटली स्कॅन केली की 'तुम्ही २० वर्षांचे आहात का' हे पडदा विचारतो, मी नाही. सत्तरीच्या आजोबांनाही बोट लावून 'हो' म्हणावं लागतं आणि ते दर वेळी वैतागतात. एप्रिल २०२२ पासून इथे माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो, पण दारू-सिगारेटची अट २० वरच राहिली. म्हणून एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक कधी कधी हुज्जत घालतं. जुन्या गल्ल्यांवर तर गिऱ्हाइकाच्या वयाच्या कळा असायच्या. निळ्या पुरुषांच्या, गुलाबी बायकांच्या. १२, १९, २९, ४९ आणि त्यापुढचे, असे गट. विक्रेत्याने चेहरा बघून अंदाजाने कळ दाबली की मगच ड्रॉवर उघडायचा. गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, पण नोंद मात्र करायची, अशी ती पद्धत.

त्या सोमवारी काउंटरच्या कोपऱ्यावर 'इचिबान कुजी'चा फलक होता. ही लॉटरीच, पण रिकाम्या हाताने कुणी जात नाही. एका चिठ्ठीला ८०० येन. चिठ्ठी सोलायची आणि आतलं अक्षर येईल ते बक्षीस घ्यायचं. 'ए'ला अॅनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टूनमधल्या, पात्राची मोठी मूर्ती, खालच्या अक्षरांना टॉवेल, किल्लीला लावायची लटकन वगैरे. शेवटची चिठ्ठी घेणाऱ्याला वेगळं 'लास्ट वन' बक्षीस मिळतं. त्यामुळे चिठ्ठ्या संपत आल्या की हिशेबी मंडळी घिरट्या घालू लागतात. फलकावर कोणती बक्षिसं उरली ते दिसतं, तेव्हा गणित उघडच असतं. त्या दिवशी १४ चिठ्ठ्या उरल्या होत्या. बाराच्या सुमारास एका तरुणाने त्या सगळ्या घेतल्या. ११,२०० येन झाले. मी पिशवी हवी का एवढंच विचारलं. एवढे टॉवेल घेऊन काय करणार, हे विचारायचं नसतं.

त्याच्याच मागे ते आजोबा उभे होते. नीट इस्त्रीचं जॅकेट, मान ताठ. हातात ऑनलाइन गेमची दोन प्रीपेड कार्डं.

ही कार्डं आमच्याकडे बिस्किटांसारखी खुंटीवर टांगलेली असतात. चोरून काही उपयोग नाही, कारण गल्ल्यावर पैसे भरून स्कॅन होईपर्यंत ते नुसतं प्लास्टिक असतं. काहींची रक्कम छापलेली असते. काहींवर १,५०० पासून ५०,००० येनपर्यंत हवी ती भरता येते. मागची पट्टी खरवडली की एक क्रमांक दिसतो, आणि तो क्रमांक म्हणजेच पैसे. कार्ड कुणाच्या खिशात आहे याला अर्थ उरत नाही. क्रमांक फोनवर वाचून दाखवला की पलीकडचा माणूस काही मिनिटांत ते वापरून टाकतो.

"दोन्हींवर पन्नास-पन्नास हजार," आजोबा म्हणाले आणि बँकेचं पाकीट काढलं. आत २०२४ सालच्या, उद्योजक शिबुसावा एइइचींचं चित्र असलेल्या कोऱ्या नोटा होत्या, अजून घडी न पडलेल्या.

इथे मात्र विचारायचं असतं. अख्ख्या दुकानात ही एकच जागा, जिथे गिऱ्हाइकाला त्याच्या पैशांचं काय करणार हे विचारणं हे कामाचा भाग आहे. कामाच्या भाषेत याला 'कोए-काके' म्हणतात, हटकणं असं म्हणा. काउंटरमागे चोरावर फेकायला केशरी रंग भरलेले गोळेही ठेवलेले असतात. त्यांना मी आजवर फक्त धूळ पुसण्यापुरता हात लावलाय. गल्ल्याखालच्या खणातली पाकिटं मात्र लागतात. ती पोलिसांनी दिलेली असतात, कार्ड त्यात घालून द्यायचं. पाकिटावर ठळक अक्षरांत प्रश्न असतात: फोनवर कुणी घ्यायला सांगितलं का? क्रमांक वाचून दाखवायला सांगितलं का?

मी पाकीट पुढे सरकवलं आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "कशासाठी वापरणार?"

"नातवाला."

हे उत्तर जवळजवळ प्रत्येक जण देतो, कारण पलीकडच्यानेच ते पढवलेलं असतं. म्हणून तिथे थांबायचं नाही. दुसरा प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर पढवलेलं नसेल. मी म्हटलं, "अरे वा, नातू कोणता गेम खेळतो?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जॅकेटच्या वरच्या खिशाकडे पाहिलं. खिशातून फोनची वरची कड दिसत होती आणि पडदा उजळलेला होता. कॉल चालू होता.

मागे आठ माणसं. मायक्रोवेव्हमधला डबा झाल्याची टिकटिक. मी म्हटलं, जरा बाजूला येता का. आणि मग ते जे म्हणाले ते मला अजून ऐकू येतं. रागाने नाही, अगदी सहज म्हणाले, "तुमचं जपानी पण त्या साहेबांसारखंच आहे."

साहेब, म्हणजे फोनवरचा. म्हणजे परदेशी उच्चारांचा. म्हणजे 'सपोर्ट सागी', मदतीच्या नावाखालची फसवणूक. कॉम्प्युटरवर काहीतरी वाचत असताना अचानक पडदाभर इशारा येतो, भोंगा वाजतो, तुमच्या यंत्रात व्हायरस शिरलाय, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. फोन केला की मोडक्या जपानीत बोलणारा 'तंत्रज्ञ' दूरनियंत्रणाचं सॉफ्टवेअर टाकायला लावतो आणि दुरुस्तीचे पैसे प्रीपेड कार्डाने मागतो. जपानी उच्चार बरोबर नसले तरी संशय येत नाही, कारण मोठ्या परदेशी कंपनीचा माणूस असाच बोलणार असं ऐकणाऱ्याला वाटतं. मला झोंबलं ते याच्यासाठी की यातले काही फोन कुठून येतात ते मला माहीत होतं. २०२५ च्या मे महिन्यात सीबीआयने जपानी पोलिसांच्या सहकार्याने दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेशात १९ ठिकाणी छापे घातले आणि सहा जणांना पकडलं. जपानी वृद्धांना असंच लुबाडणारी कॉल सेंटरं होती ती. म्हणजे आजोबांच्या कानात कदाचित माझ्याच देशातला एक आवाज 'घ्या' म्हणत होता आणि समोरून दुसरा 'घेऊ नका' म्हणत होता. त्यांनी पहिल्यावर विश्वास ठेवला यात नवल काही नाही, तो सकाळपासून त्यांच्याशी बोलत होता.

अशा वेळी स्वतः पटवत बसायचं नाही. मी काउंटरखालची घंटा दाबून तेन्चोंना, म्हणजे दुकानाच्या व्यवस्थापकांना, बोलावलं. त्यांनी जे केलं ते कुठल्याही प्रशिक्षणात मला कुणी शिकवलं नव्हतं. ते एक अक्षर बोलले नाहीत. कॉल चालू आहे म्हणजे पलीकडचा सगळं ऐकतोय. 'पोलीस' हा शब्द कानावर पडला की तो म्हणणार, दुकानदारही त्या हॅकरला सामील आहे, बाहेर पडा, दुसऱ्या दुकानात जा. तेन्चोंनी पाकिटाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं: "पडद्यावर इशारा आला? आवाज बंद होत नव्हता?" आणि पेन आजोबांच्या हातात दिलं.

आजोबांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि खाली लिहिलं, "हो."

मग तेन्चोंनी आजोबांना खिशातला फोन काढून कॉल बंद करायची खूण केली. आजोबांनी स्वतःच बंद केला. हे महत्त्वाचं आहे. आपण हिसकावला तर माणूस बिथरतो. त्यांना आत खुर्चीवर बसवलं आणि मी ११० लावला. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जिकेन देस का, जिको देस का?" गुन्हा की अपघात. गुन्हा म्हणायचं, पत्ता सांगायचा, माणूस दुकानातच आहे हे सांगायचं. जवळच्या कोबानमधून, म्हणजे पोलीस चौकीतून, दोन जण सायकलवर आले.

तोवर एक डबा थंड झाला होता आणि दोन गिऱ्हाइकं हातातली ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, ठेवून निघून गेली होती. बाकीच्यांनी ब्रही काढला नाही. जपानी रांग कुरकुरत नाही, नुसती लांबत जाते.

आतून थोडं थोडं ऐकू येत होतं. हे त्यांचं दिवसातलं पहिलं कार्ड नव्हतं. सकाळी दुसऱ्या एका दुकानातून ३० हजारांचं घेऊन त्यांनी क्रमांक वाचून दाखवला होता. मग 'साहेब' म्हणाले, एक अक्षर चुकलं, ओ आणि शून्यात गल्लत झाली, ते कार्ड बाद, आता मोठ्या रकमेची दोन घ्या, जास्तीचे पैसे परत मिळतील. ही युक्ती ठरलेली आहे. पहिला क्रमांक बरोबरच असतो, तो केव्हाच वापरलेला असतो. पोलिसाने विचारलं ते एवढंच, की कार्ड आणि पावती जपून ठेवलीय का? कार्ड काढणाऱ्या कंपनीला लगेच कळवलं तर उरलीसुरली रक्कम गोठवता येते, पण त्यासाठी त्या दोन्ही गोष्टी हाताशी हव्यात. पावती पाकिटात नीट घडी करून ठेवलेली होती. कार्ड घरी, कॉम्प्युटरच्या शेजारी.

आणि कॉम्प्युटर अजून चालूच होता, म्हणजे त्यातल्या दूरनियंत्रणासकट. पोलिसाने त्यांना सांगितलं, घरी गेल्यावर आधी इंटरनेटचं यंत्र बंद करा, बाकी सगळं नंतर. खरं तर तो लाल पडदा नुसतं एक वेबपान असतं. एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरली की पूर्ण पडदा सुटतो आणि कोपऱ्यातली फुली दिसू लागते. तेवढ्याने भागलं नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून ब्राउझर बंद करायचा. पण ज्याने फोन लावून सॉफ्टवेअर घालून घेतलंय त्याला हे पुरत नाही, त्याने यंत्र जाणकाराला दाखवायलाच हवं.

माझं निवेदन घेताना पोलिसाने माझं नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहिलं, दोनदा खोडलं आणि रेसिडेन्स कार्ड बघायला मागितलं. त्यांचं तेही पाठ केलेलंच वाक्य.

३० हजारांपैकी काही वाचलं का ते मला कळलं नाही. आजोबा त्यानंतर दोनदा दुकानात आले, एकदा दूध आणि एकदा विजेचं बिल घेऊन. बिलाची चिठ्ठी स्कॅन केली, शिक्का मारला, त्यांची बाजू फाडून दिली. ते काही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

त्या दिवशी दोन्ही कार्डं खुंटीला परत अडकवली, खणात नवी पाकिटं भरली. पाळी संपायला दहा मिनिटं असताना एक पोरगा 'जंप'चा शेवटचा अंक आणि १,५०० येनचं गेम कार्ड घेऊन आला. तेवढ्या रकमेला हटकायची गरज नसते. पण मघाचं डोक्यात होतं, मी विचारून बसले, "कशासाठी घेतोय?"

त्याने तोंड उघडलं ते मिटेचना. कोणता गेम, त्यात या आठवड्यात कोणतं पात्र निघणार आहे, ते लागायची शक्यता किती, मागच्या खेपेला कसं थोडक्यात हुकलं. त्याच्या मागे पाच जण उभे होते.