गुरू गढूळ दिसतो, दोष मात्र दिव्यांना

उपनगरातल्या घरामागच्या अंगणात दुर्बीण लावली, गुरू गढूळ दिसला, की बोट रस्त्यावरच्या दिव्यांकडे जातं. पण ग्रह, चंद्र आणि जोडतारे इतके ठळक असतात की दिव्यांनी त्यांचं फारसं बिघडत नाही. त्यांना नडते उष्णता.

आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) उबदार घरातून थंडीत आणली की तिचा आरसा निवायला तासभर सहज लागतो. तोवर नळीत गरम हवा उठत राहते. तपासायचं असं: 1200 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला 10 मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावा, म्हणजे 1200 भागिले 10, 120 पट मोठं दिसतं. ठळक तारा मध्यावर घेऊन फोकस मुद्दाम बिघडवा. ताऱ्याची चकती होते, मधोमध दुय्यम आरशाची काळी सावली. चकतीवर धुरासारखे संथ लोट फिरत असतील तर आरसा अजून गरम आहे. ती झरझर थरथरत असेल तर वरची हवाच अस्थिर. त्याला इलाज नाही, चंद्र बघून घ्या. सावली एका बाजूला सरकलेली असेल तर कॉलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतली जुळणी, बिघडलंय. मुख्य आरशामागचा एक स्क्रू जरासा फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा, मग पुन्हा बघा. तारा मध्यावर न आणता स्क्रू पिळत बसलात तर पहाट होईल.

दुर्बीण फरशीवर नको, हिरवळीवर ठेवा. फरशी दिवसाची ऊब रात्री सोडते. हिवाळ्यात शेजारच्या तापवलेल्या घराच्या छपरावरून ग्रह पाहणं म्हणजे पेटत्या चुलीवरून पाहणं.

दीर्घिकांचं मात्र दिवे खरंच वाटोळं करतात, आणि फिल्टरही तिथे कामाचा नाही. ओ-थ्री फिल्टर (ऑक्सिजनच्या ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारा) मृगातल्या तेजोमेघाला उठाव देतो, कारण त्या वायूचा प्रकाश मोजक्या रंगांतच येतो. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा. पांढऱ्या एलईडीचाही तसाच. त्यापेक्षा आजूबाजूचा उजेड डोळ्यांत येऊ नये म्हणून डोक्यावरून काळं फडकं घ्या. हसतील शेजारी.

दव पहिल्यांदा फाइंडरच्या (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या) काचेवर बसतं. पुसू नका, ओरखडे पडतात. हेअर ड्रायरची कोमट हवा द्या.

उत्तरेला 50 अक्षांशावर जूनमध्ये पूर्ण काळोख होतच नाही आणि वृश्चिक क्षितिजालगत सरपटतो. तेव्हा हंस तारकासमूहाच्या चोचीवरचा जोडतारा धरा: एक सोनेरी, एक निळसर, मध्ये सुमारे 35 विकलांचं अंतर (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). 25 मिमीच्या नेत्रिकेतून, 48 पटीला, संधिप्रकाशातही दोन्ही सुटे दिसतात.