जांभळा महापौर, नारिंगी पक्ष

"तुमच्याकडे म्हणे आपला माणूस महापौर होता?" पुण्याहून फोन आला की नातेवाइकांचा हा प्रश्न हमखास येतो. होता, कॅनडातल्या कॅलगरी शहरात, २०१० ते २०२१, सलग तीनदा निवडून आलेला. पण नाहीद नेन्शी 'आपले' कितपत, ते ज्याचं त्यानं ठरवावं. आईवडील भारतीय वंशाचे इस्माइली मुस्लिम, १९७१ मध्ये टांझानियातून कॅनडात आलेले. मुलगा टोरांटोत जन्मला, कॅलगरीत वाढला, हार्वर्डला शिकला, मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत नोकरी केली आणि परत येऊन कॅलगरीच्या माउंट रॉयल विद्यापीठात शिकवू लागला. वयाच्या ३८ व्या वर्षी ते महापौर झाले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे पहिले मुस्लिम महापौर म्हणून तेव्हा जगभर बातम्या झाल्या. कॅलगरीकरांना मात्र रस्त्यावरचा बर्फ कधी उचलणार, यातच जास्त रस होता.

आपल्याकडे महापौराला नगरसेवक निवडतात, अडीच वर्षं खुर्ची मिळते आणि कारभार आयुक्तांच्या हाती. इथे महापौराला थेट लोक निवडतात, आणि तेव्हा मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसायचं. नेन्शींनी प्रचाराला जांभळा रंग घेतला: लिबरलांचा लाल आणि कॉन्झर्व्हेटिव्हांचा निळा, दोन्ही कालवून. मात्र थेट निवडून आलेल्या या महापौराला सभागृहात मत एकच. बाकीचे १४ नगरसेवक ऐकतीलच असं नाही.

ते नीट कळतं बेसमेंटच्या गोष्टीत. आमच्यासारख्या नव्याने आलेल्यांचा इथला संसार बहुधा कुणाच्या तरी तळघरातच सुरू होतो. पण कॅलगरीच्या बऱ्याच वस्त्यांमध्ये तळघर कायदेशीरपणे भाड्याने द्यायचं तर एकेका घरासाठी नगरपरिषदेची वेगळी मंजुरी लागायची. घरमालक सभागृहात उभे राहून आईचं आजारपण, गेलेली नोकरी, हप्त्यांची ओढाताण असं सगळं सांगायचे, शेजारी पार्किंगच्या तक्रारी मांडायचे आणि मग मतदान. एका तळघरासाठी! नेन्शी पहिल्या निवडणुकीपासून हे बदलू म्हणत होते. ठराव पुन्हा पुन्हा पडला. नियम बदलला तो थेट मार्च २०१८ मध्ये. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि परदेशी वर्तमानपत्रांनी नेमकं तेच सोडलं.

त्यांना पुराने मोठं केलं. जून २०१३ मध्ये बो आणि एल्बो या दोन्ही नद्या शहरात घुसल्या, हजारो लोकांना घरं सोडावी लागली, सॅडलडोम स्टेडियमच्या खालच्या रांगा पाण्यात गेल्या. नेन्शी दिवसरात्र टीव्हीवर साध्या शब्दांत माहिती देत राहिले. शेवटी लोकच ट्विटरवर 'आता घरी जाऊन झोपा' म्हणून त्यांना विनवू लागले. त्याच शरद ऋतूत ७४ टक्के मतं पडली. पुढे २०१७ मध्ये तो आकडा ५१ वर आला, आणि ऑलिंपिक पुन्हा आणायचा त्यांचा आग्रह २०१८ च्या जनमतात ५६ टक्के मतदारांनी फेटाळला. २०२१ ला ते उभेच राहिले नाहीत.

प्रांताच्या राजकारणात उडी घेणारे ते पहिले महापौर नव्हेत. राल्फ क्लाइन याच शहराचे महापौर होते, १९८८ चं हिवाळी ऑलिंपिक त्यांच्याच काळातलं, आणि पुढे ते १४ वर्षं अल्बर्टा या आमच्या प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. १९९३ मध्ये त्यांच्यासमोर लिबरलांचे लॉरेन्स डेकोर होते, तेही प्रांताची राजधानी एडमंटनचे माजी महापौर. दोन महापौरांच्या त्या झुंजीत एनडीपी या डाव्या विचारांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नव्हती. त्याच एनडीपीचं नेतृत्व जून २०२४ मध्ये ८६ टक्के मतांनी नेन्शींकडे आलं. पक्षाचा रंग नारिंगी.

आणि इथेच महापौरपद आडवं येतं. 'सगळ्यांचा माणूस' ही पुण्याई पक्षाचं नाव लावलं की निम्मी होते, जुन्या फायली मात्र पूर्णच्या पूर्ण मागे येतात. ग्रीन लाइन ही नवी रेल्वे त्यांच्या काळात आखलेली. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रांत सरकारने तिचा निधी रोखला, तेव्हा वाहतूकमंत्र्यांनी तिला 'नेन्शींचं दुःस्वप्न' असं नावच देऊन टाकलं. नंतर तडजोड झाली, काम सुरू झालं, पण तो शिक्का राहिलाच.

विधानसभेत ते जून २०२५ मध्ये पोटनिवडणुकीतून पोचले, तेही एडमंटन-स्ट्रॅथकोनातून! हॉकीच्या मोसमात ज्या शहराचं नाव काढलं की माझ्या ऑफिसात हुर्यो उडते, तिथून कॅलगरीचा माजी महापौर आमदार झाला. जागा पक्षासाठी सुरक्षित होती, एवढंच.

दरम्यान प्रांताने कायदा बदलून कॅलगरी आणि एडमंटनच्या नगरपालिकेत पक्षांना वाट करून दिली. ऑक्टोबर २०२५ च्या मतपत्रिकेवर पक्षांची नावं पहिल्यांदा दिसली. महापौर झाले ते जेरोमी फार्कस, अपक्ष!

पुढची प्रांतिक निवडणूक ऑक्टोबर २०२७ मध्ये. गेल्या वेळी कॅलगरीच्या २६ जागांपैकी १४ एनडीपीला मिळाल्या आणि १२ युसीपी या सत्ताधारी उजव्या पक्षाला, तरी सत्ता त्या पक्षाच्या प्रीमियर डॅनिएल स्मिथ यांच्याकडेच राहिली. प्रीमियर व्हायचं तर नेन्शींना याच शहरातून आणखी जागा काढाव्या लागतील, म्हणजे ज्यांनी त्यांना ७४ टक्के मतं दिली आणि ऑलिंपिकला 'नको' म्हटलं, त्याच लोकांकडून.