सगळी गर्दी एकाच डिस्कवर

2011 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. महापे एमआयडीसीतल्या आमच्या मुख्य कार्यालयात महिना संपला की एक भांडण ठरलेलं असायचं. हिशेब विभागाला दुकानवार नफा-तोटा हवा असायचा, मार्केटिंगच्या मॅडमना 'कशाबरोबर काय विकलं गेलं' याचा रिपोर्ट हवा असायचा, आणि दोघांचा भार एकाच डेटाबेसवर. एकाने क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, लावली की दुसऱ्याचं काम अडायचं. आमची किराणा आणि घरगुती सामानाची दुकानं ठाणे, डोंबिवली, वाशी, कोपरखैरणे अशी पसरलेली. प्रत्येक बिलाची प्रत्येक ओळ रात्री मुख्य सर्व्हरवर यायची. तीन वर्षांच्या ओळींवर मॅडमचा रिपोर्ट रात्री लावला, तर सकाळी त्या ऑफिसात येईपर्यंत तो निम्म्यावर असायचा.

शेवटी संचालकांनी डेटा वेअरहाउस, म्हणजे फक्त रिपोर्टसाठीचा वेगळा मोठा डेटाबेस, आणि त्याचं अप्लायन्स घ्यायला तत्त्वतः होकार दिला. कोणतं घ्यायचं याची शिफारस मी करायची होती.

अप्लायन्स म्हणजे सर्व्हर, डिस्क, नेटवर्क आणि डेटाबेस असं सगळं कारखान्यातच एकमेकांशी जुळवून पाठवलेलं कपाट. आमच्या जुन्या रचनेत डेटा एकीकडे आणि प्रोसेसर दुसरीकडे. एक बेरीज करायची तरी अख्खं टेबल मधल्या वायरीतून ओढून आणावं लागायचं. अप्लायन्समध्ये टेबलाच्या ओळी अनेक डिस्कवर वाटून ठेवतात, प्रत्येक तुकड्याला त्याचा त्याचा प्रोसेसर असतो, सगळे एकाच वेळी आपापला भाग वाचतात आणि वर फक्त उत्तरं पाठवतात. ही कल्पना नवी नव्हती. टेराडेटा कंपनीचं पहिलं मशीन 1984 मध्ये बाजारात आलं, त्याचं नाव डीबीसी/1012. दहाचा बारावा घात इतके बाइट म्हणजे एक टेराबाइट, तेव्हा स्वप्नवत वाटणारा आकडा. पुढे नेटेझा कंपनीने डिस्कच्या शेजारी एफपीजीए, म्हणजे ठरावीक कामासाठी हवी तशी जुळवता येणारी चिप, बसवली आणि नको असलेल्या ओळी व रकाने प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच गाळायला सुरुवात केली. 2008 मध्ये ओरॅकलचं एक्साडेटा आलं. व्हर्टिकासारख्यांनी वेगळी वाट धरली, ओळींऐवजी रकाने साठवायचे. म्हणजे तीन रकान्यांचा रिपोर्ट असेल तर तेवढेच तीन वाचायचे.

आमच्या हिशेब विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळं ऑफिस काका म्हणायचं, त्यांना चिपमध्ये रस नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "अहो, 2010 मध्ये ईएमसीने ग्रीनप्लम घेतली, आयबीएमने नेटेझा घेतली, यंदा एचपीने व्हर्टिका घेतली. आपण ज्याच्याकडून मशीन घेऊ, तो उद्या कुणाच्या घरात असेल? सपोर्टचा फोन कोण उचलणार?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. म्हणूनच एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे दर, सुटे भाग किती दिवस मिळतील आणि आमचं एसक्यूएल, म्हणजे क्वेऱ्या लिहायच्या भाषेतलं आमचं काम, दुसरीकडे नेता येईल का, हे मुद्दे मी तुलनेत वेगाच्याही वर ठेवले.

चाळणी लावून दोन कंपन्या उरल्या. दोघांनाही मी एकच अट घातली: तुमच्या डेमोचा डेटा नको, आमचा डेटा, आमच्या क्वेऱ्या, आमच्याच सर्व्हर रूममध्ये. पहिल्या कंपनीचं रॅक, म्हणजे ते अख्खं कपाट, आलं त्या दिवशी पाऊस असा होता की ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पो सरकत नव्हता. भरलेल्या रॅकचं वजन टनाच्या घरात जातं, ते आमच्या लिफ्टला झेपणार नव्हतं. मागच्या बाजूने क्रेन लावून पहिल्या मजल्यावर चढवलं. थ्री-फेजची लाइन आणि एसी आम्ही आधीच वाढवून घेतले होते. हे खर्च कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाहीत, तेव्हा मशीन बघायच्या आधी लिफ्टची क्षमता आणि विजेचा मंजूर भार बघून घ्यावा.

चाचणीच्या दिवशी सकाळी सगळं छान चाललं. तीन वर्षांच्या ओळी रात्रीतून भरून झाल्या होत्या. माहितीपत्रकातल्या क्षमतेत कॉम्प्रेशन धरलेलं असतं, पण आपला डेटा किती आवळला जातो हे तो भरल्यावरच कळतं, आणि आमचा अपेक्षेपेक्षा बरा आवळला गेला होता. एका महिन्याची दुकानवार विक्री काही सेकंदांत. कार्डधारक गिऱ्हाइकांचा रिपोर्ट चहा येण्याआधी. मी चालू क्वेरीत एक डिस्क उपसायला सांगितली. वेग जरा उतरला, पण उत्तर बरोबर आलं. काकांनी आपल्या वहीतल्या आकड्याशी ते पैशापर्यंत ताडून पाहिलं.

मग मी खरी परीक्षा लावली. हिशेब विभागाचं क्लोजिंग, दुकानांच्या स्टॉकच्या क्वेऱ्या, मागून नवा डेटा भरणं, आणि त्याच वेळी मॅडमचा रिपोर्ट, गेल्या गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस सोडून अख्ख्या तीन वर्षांवर. रोजचं ऑफिस असंच चालतं, म्हणून मशीनही तसंच तपासायला हवं होतं.

मशीन अडकलं. अर्धा तास झाला, मॅडमचा रिपोर्ट हलेना आणि त्याच्यामागे बाकीचेही रेंगाळले. कंपनीचे विक्रीप्रतिनिधी पुढे आले आणि म्हणाले, "सर, तुमचा लोड जास्त आहे. तुम्हाला पुढचं मॉडेल लागेल, दोन रॅकचं." किंमत जवळपास दुप्पट. काकांनी पेन खाली ठेवलं.

त्यांच्याबरोबर आलेला इंजिनियर मात्र काही बोलत नव्हता, तो मॉनिटरकडे टक लावून होता. मीही तिथे गेलो. डिस्कच्या तुकड्यांची यादी समोर होती. सगळ्यांचं काम केव्हाच संपलं होतं, फक्त एक तुकडा एकटा दळत बसला होता. सगळ्या खिडक्या मोकळ्या आणि अख्खी रांग एकाच तिकीट खिडकीवर, असा प्रकार.

ओळी कोणत्या तुकड्यावर जाणार हे एका रकान्यावरून ठरतं. त्या रकान्यातल्या मूल्याचं हॅशिंग होतं, म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्यावरून तुकडा काढला जातो, आणि सारखं मूल्य नेहमी एकाच तुकड्यावर जातं. इंजिनियरने ग्राहक कोड निवडला होता. पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच, कारण लाखो वेगवेगळे कोड म्हणजे वाटणी समान. मी त्याला म्हटलं, कोडप्रमाणे ओळी मोजा आणि मोठ्यापासून लावा. दुसऱ्या क्रमांकावरच्या गिऱ्हाइकाच्या नावावर काही हजार ओळी होत्या. पहिल्या क्रमांकावर कोड 999999, आणि त्याच्या नावावर एकूण ओळींच्या जवळपास चाळीस टक्के.

आमच्या काउंटरवरच्या मुलींना तो कोड पाठ होता. ज्याच्याकडे सदस्य कार्ड नाही, रोखीने घेऊन जातो, त्याच्या बिलावर 999999. ठाण्यापासून वाशीपर्यंतची सगळी अनोळखी गिऱ्हाइकं मशीनच्या लेखी एकच माणूस होती आणि एकाच डिस्कवर राहत होती. सकाळच्या क्वेऱ्या एका महिन्यापुरत्या किंवा कार्डधारकांपुरत्या होत्या, म्हणून तेव्हा हे जाणवलं नाही.

"मग दोन रॅक घेतली तर?" काकांनी विचारलं. मी कागदावर मांडून दाखवलं. समजा 100 तुकडे आहेत. वाटणी नीट असेल तर प्रत्येकाकडे एक टक्का. इथे एकाकडे चाळीस टक्के, म्हणजे क्वेरीला चाळीसपट वेळ. आता 200 तुकडे करा. 999999 तरीही एकाच तुकड्यावर जाणार, चाळीस टक्के तसेच. दुप्पट पैसे मोजून या रिपोर्टला फरक जवळपास शून्य. इंजिनियरने मान हलवली, "बरोबर आहे, सर." आपल्याच प्रतिनिधीसमोर त्याने हे सांगितलं याबद्दल मला आजही त्याचा आदर वाटतो.

आता कपाटं जाऊन क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर, आला, तरी हा मुद्दा तिथेच आहे. ॲमेझॉनच्या रेडशिफ्ट या क्लाउडवरच्या डेटा वेअरहाउसमध्येही डिस्ट्रिब्युशन की, म्हणजे ओळी वाटायचा रकाना, निवडता येते, आणि चुकीच्या रकान्यावर निवडली तर एक स्लाइस, म्हणजे तिथला तुकडा, असाच फुगतो.

उपाय बिलात होता. पण नुसता बिल क्रमांक चालणार नव्हता, कारण तो प्रत्येक दुकानात 1 एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू होतो. दुकान, आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक जोडून नवा रकाना केला आणि त्यावर टेबल पुन्हा वाटलं. आता एका बिलाच्या सगळ्या ओळी एकाच तुकड्यावर, त्यामुळे 'कशाबरोबर काय' शोधताना तुकड्यांमध्ये डेटाची ये-जा नाही. याची किंमतही होती. एका गिऱ्हाइकाच्या ओळी आता वेगवेगळ्या तुकड्यांवर विखुरल्या, म्हणून कार्डधारकांचा रिपोर्ट थोडा मंदावला. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "तो महिन्यातून एकदा लागतो, चालेल."

जेवणानंतर तोच सगळा भार पुन्हा लावला, या वेळी गणपतीचे पंधरा दिवसही धरून. क्लोजिंग, स्टॉक, लोडिंग, सगळं चालू असताना मॅडमचा रिपोर्ट काही मिनिटांत उतरला. तांदळाच्या पिठीबरोबर गूळ आणि नारळ हे कुणीही सांगेल. पण डोंबिवलीच्या दुकानांत पिठीबरोबर खसखशीची छोटी पाकिटं इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी जास्त गेली होती, आणि तिथे खसखस मागच्या मसाल्याच्या रॅकवर ठेवलेली असायची. मॅडमनी तिथूनच डोंबिवलीच्या मॅनेजरला फोन लावला, "पिठीच्या शेजारी हलवा, या आठवड्यातच."

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीची चाचणी तशीच, त्याच भाराने घेतली. मोजक्या रकान्यांच्या रिपोर्टमध्ये ते मशीन सरस होतं, पण मागून डेटा भरायला लागला की स्टॉकच्या क्वेऱ्या मागे पडायच्या, आणि आमची दुकानं दिवसभर स्टॉकवर चालतात. मी पहिल्या कंपनीचं एका रॅकचंच मॉडेल सुचवलं आणि वाचलेल्या रकमेतून दुसऱ्या ठिकाणी बॅकअप ठेवण्याची शिफारस केली. संचालकांनी ती मान्य केली. काकांनी मात्र करारात स्वतःच्या हाताने एक कलम घातलं: दिवाळीच्या आठवड्याचा डेटा भरून हीच चाचणी पुन्हा होईल, आणि ती पार पडल्याशिवाय शेवटचा हप्ता निघणार नाही.