पाऊस तिकडे, धूळ इकडे : ॲरिझोनात हबूबच्या मागावर तीन संध्याकाळी

हबूब, म्हणजे धुळीच्या भिंतीचं वादळ, बघायला जाणाऱ्याने धुळीची वाट बघत बसू नये, पाऊस कुठे पडतोय ते बघावं. हे कळायला मला तीन संध्याकाळी लागल्या, म्हणून आधी तेच सांगते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दादा आणि मी अमेरिकेतल्या ॲरिझोनात होतो. फिनिक्स आणि टूसॉन या शहरांना जोडणाऱ्या आय-१० महामार्गावर कासा ग्रांडे, एलॉय, पिकाचो असा एक पट्टा लागतो. जमीन सपाट, कापसाची शेतं, मधेमधे पडीक रानं आणि लांबवर बोडके डोंगर. धुळीच्या वादळांसाठी हा पट्टा कुप्रसिद्ध आहे. हबूब हा शब्द मूळचा अरबी, सुदानमधल्या खार्टूमकडचा. गडगडाटी ढगातून खाली कोसळलेल्या हवेने उठवलेली धुळीची भिंत म्हणजे हबूब.

पहिल्या दिवशी आम्ही भर दुपारी जाऊन उभे राहिलो. ऊन रणरणत होतं आणि पडीक शेतात वावटळींवर वावटळी उठत होत्या. दिसायला सुंदर, पण त्यांचा हबूबशी काही संबंध नाही. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर चढते आणि तिला निरभ्र आकाश पुरतं. हबूबचा जोर वरून खाली येतो आणि त्याला ढग लागतोच. संध्याकाळी एकही ढग जवळ फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी ढग आला, विजा झाल्या, गार वाराही सुटला. धूळ मात्र नावाला. आम्ही उभे होतो ती जमीन खडकाळ, वर आदल्या रात्री सर येऊन गेल्याने मातीला पपडी धरलेली. तेव्हा लक्षात आलं की वारा आणि ढग एवढ्याने भागत नाही, वाटेत सुटी, कोरडी माती पाहिजे. पावसाळा सुरू होतानाची पहिली काही वादळं जास्त धुळकट असतात ती त्यामुळेच. तिथला मान्सूनचा काळ हवामान खात्याच्या हिशेबाने १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरतात. माझ्या मते खास हबूबसाठी जायचं तर जुलै गाठावा.

तिसऱ्या दिवशी महामार्ग सोडून, आग्नेयेकडे मोकळं दिसेल अशा एका डांबरी पार्किंगमध्ये आम्ही चार वाजल्यापासून बसलो. पाचच्या सुमारास डोंगरांवरचा ढग वाढत वाढत ऐरणीसारखा सपाट झाला. त्याखाली पावसाचे करडे पडदे लोंबत होते, पण ते जमिनीपर्यंत पोचत नव्हते. वाटेतच विरत होते. दादा म्हणाला, "फुकट गेला गं पाऊस." खरं तर वादळ तिथेच जन्माला येत होतं.

वाळवंटात ढगाचा तळ फार उंच असतो आणि त्याखालची हवा अगदी कोरडी. त्या हवेतून पडणारे थेंब वाफ होतात आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्याच हवेतून ओढून घेतात. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी असं विरलं, तर ती हवा जवळजवळ २.५ अंशांनी गार होते. गार हवा जड, म्हणून ती खाली सुटते, वरून पडणारे थेंब तिला आणखी ढकलतात. जमिनीवर आपटली की सांडलेल्या पाण्यासारखी चहूकडे पसरते. वळवाच्या आधी पाचोळा उडवत जो गार वारा अंगावर येतो ना, तोच हा. फक्त इथे त्याला अडवायला झाडोरा नाही आणि पळायला अनेक किलोमीटर सपाट रान आहे.

सहा पंचविसला क्षितिजावर एक मातकट रेघ दिसली. दहा मिनिटांत तिची भिंत झाली. मावळतीचं ऊन समोरून पडल्याने ती गुळाच्या रंगाची दिसत होती. तिचा माथा सरळ नव्हता, उतू जाणाऱ्या दुधासारखे गोळे पुढे कलंडत होते आणि त्यांच्यामागून नवे चढत होते. गार हवेचं नाक गरम हवेखाली घुसतं आणि गरम हवा त्याच्यावरून मागे लोटली जाते, त्यातून हे गोळे होतात. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्सवर आलेली भिंत दीड किलोमीटरहून उंच आणि सुमारे १६० किलोमीटर रुंद होती. आमची त्यामानाने लहान, तरी डावीकडचं टोक दिसत नव्हतं.

धुळीच्या आधी वास आला. तिथल्या क्रिओसोट झुडपांचा, ओल्या पानांचा उग्र वास. आमच्यापाशी थेंबही पडला नव्हता. आम्ही गाडीत शिरलो आणि पार्किंगच्या कडेला जे दिसलं ते मला भिंतीपेक्षाही मोलाचं वाटतं. वाळूचे कण डांबरावरून घोट्याएवढ्या उंचीच्या उड्या मारत धावत होते. अगदी बारीक धूळ वाऱ्याला सहज सुटत नाही, तिचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. आधी जाडसर वाळू हलते, उडते, आदळते आणि आदळताना ती धूळ मोकळी करते. प्रत्येक उडीपाठी एक छोटा फवारा उठत होता. मग काही दिसेनासं झालं.

वीस मिनिटं समोरचा विजेचा खांबही दिसला नाही. गाडीतला बाहेरचं तापमान दाखवणारा आकडा ४२ वरून २९ वर आला. शेवटी काचेवर टपटप चिखल पडला. धुळीतून येताना थेंबच मळले होते.

आता जाणाऱ्यांसाठी. रस्त्यात असताना भिंत दिसली तर तिच्याशी शर्यत लावू नका, तिच्या आत तर अजिबात घुसू नका. ती ताशी ५० ते ८० किलोमीटरने येते. पुढच्या एक्झिटला बाहेर पडा. ते जमलंच नाही, तर डांबरापासून जितकं लांब जाता येईल तितकं जाऊन थांबा आणि गाडीचे सगळे दिवे बंद करा, इमर्जन्सीचे लुकलुकणारेसुद्धा. हँडब्रेक लावा, ब्रेकवरचा पाय काढा, पट्टा बांधलेलाच ठेवा. दिवे बंद करणं उलटं वाटतं, दादाचा हात आपोआप बटणाकडे गेला होता. पण मागून येणाऱ्याला काही दिसत नसतं; तुमचे लाल दिवे दिसले की त्याला वाटतं रस्ता तिथेच आहे आणि तो थेट तुमच्यावर येतो. तिथलं परिवहन खातं हेच सांगतं आणि एलॉय-पिकाचो पट्ट्यात धूळ ओळखून वेगमर्यादा बदलणारे फलकही बसवले आहेत. फलकावरचा आकडा उतरला की मुकाट्याने वेग उतरवा.

फोनवर रडार बघायला शिकून जा. पावसाच्या ठिपक्यांपासून सुटून पुढे सरकणारी बारीक कमानदार रेघ म्हणजे गार हवेची कड. ती तुमच्या दिशेने येत असेल तर वेळ काढता येतो. आमचा अंदाज पाच मिनिटांनी चुकला, एवढंच. पाणी भरपूर, टाकी भरलेली, एसी आतलीच हवा फिरवण्यावर. कॉन्टॅक्ट लेन्स आधीच काढा. कॅमेऱ्याची लेन्स बाहेर बदलू नका. विजा चमकत असताना टेकडीवर चढून फोटो काढायचा मोह आवरा.

आणि एन-९५ मास्क न्याच. त्या मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते, तिचे बीजाणू श्वासातून गेले तर व्हॅली फीव्हर हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो. तो माणसाकडून माणसाला होत नाही, पण लक्षणं एक ते तीन आठवड्यांनी, म्हणजे तुम्ही घरी परतल्यावर दिसू लागतात. खोकला, ताप, न जाणारा थकवा असं काही झालं, तर डॉक्टरांना ॲरिझोनाच्या धुळीत होतो हे स्वतःहून सांगा. दूरच्या डॉक्टरांच्या ते मनातही येणार नाही.