‘आवाज आढळला नाही’: सस्पेन्शनच्या वॉरंटी दुरुस्तीचा माझा अनुभव

एकाच गाडीच्या एकाच तक्रारीची, म्हणजे सस्पेन्शनमधून (रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या भागांतून) येणाऱ्या आवाजाची, पाच जॉब कार्डे (वर्कशॉपची दुरुस्तीची नोंदपत्रे) आज माझ्या कपाटात आहेत, आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंवर ‘ट्रायल घेतली, आवाज आढळला नाही, गाडी ओके’ ही ओळ शब्दशः तशीच लिहिलेली आहे. ती ओळ वाचली की मला अजूनही राग येतो, कारण त्या दोन्ही दिवशी वर्कशॉपहून घरी परतताना वाटेतल्या गांधीनगरच्या सिग्नलला पोहोचण्याआधीच तो आवाज परत ऐकू आला होता.

गाडीला तीन वर्षे किंवा 1 लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंतची वॉरंटी होती. वॉरंटी संपायला तीन महिने उरले असताना, पावसाळ्याच्या शेवटी, भांडुपहून पवईला कामावर जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड ऐकू येऊ लागली. मोठ्या गतिरोधकावर काहीच नसे. पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत ताशी पंधरा-वीसच्या वेगाने गेले की मात्र कोणीतरी पत्र्याच्या डब्यात दगड हलवावा तसा आवाज येई. मुंबईत गटाराची झाकणे, खचलेल्या कडा आणि तुंबलेले पाणी बहुधा रस्त्याच्या डाव्या अंगाला असते, त्यामुळे डाव्या चाकालाच मार अधिक बसतो. आवाज त्याच बाजूचा आहे याविषयी माझ्या मनात पहिल्या दिवसापासून शंका नव्हती.

वर्कशॉप अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि त्याच्या फाटकासमोरचा रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला आहे. माझी सारी अडचण त्या रस्त्याने झाली. गाडी जमा केली की सर्व्हिस ॲडव्हायझर तक्रार ऐकून कार्डावर ‘सस्पेन्शन नॉइज’ एवढे दोनच शब्द लिहीत असे, गाडी धुतली जाई, आणि संध्याकाळी कोणीतरी तिला त्या गुळगुळीत काँक्रीटवरून एक फेरी मारून आणून ‘ओके’ लिहून टाकी. ज्या रस्त्यावर चाक बोटभरसुद्धा वरखाली होत नाही तिथे सस्पेन्शनचा आवाज येणार कसा, हे मी दोन्ही वेळा विचारले. दोन्ही वेळा ‘मॅडम, आपले रस्तेच तसे आहेत, हा नॉर्मल साउंड आहे’ हेच उत्तर मिळाले, आणि दुसऱ्या वेळी तर ‘सर येणार असतील तर त्यांना समजावून सांगतो’ असेही ऐकावे लागले. गाडी माझ्या नावावर आहे, रोज मीच चालवते आणि आवाज मीच ऐकलेला आहे, हे त्यांना स्वच्छ शब्दांत सांगावे लागले.

हे ज्यांना पुढे करावे लागणार आहे त्यांनी तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय कार्डावर सही करू नये. तिसऱ्या वेळी मी आग्रहाने लिहून घेतले: ‘पुढची डावी बाजू, पेव्हर ब्लॉकवर, ताशी 15 ते 20 किलोमीटर वेगाला, एसी आणि रेडिओ बंद असताना खडखड, सरळ गतिरोधकावर आवाज नाही.’ एवढे लिहिल्यावर प्रथमच गाडीचे काही उघडले गेले. त्यांनी दोन्ही स्टॅबिलायझर लिंक बदलल्या. त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, कारण डाव्या-उजव्या चाकांना या लिंकांनी जोडणारा स्टॅबिलायझर बार दोन्ही चाके वेगवेगळी हलतात तेव्हाच पिळला जातो, आणि दोन्ही चाके एकदम चढतात त्या गतिरोधकावर त्याच्या लिंकांवर ताण येत नाही. पण बदलल्यावर पेव्हर ब्लॉकवर गाडी कोणी चालवून पाहिली नाही. डिलिव्हरी देताना ॲडव्हायझरने ‘कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा सांगा’ अशी विनंती केली. मी घरी पोहोचेपर्यंत खडखड परत ऐकली होती, म्हणून फोन आला तेव्हा मी दहा दिले नाहीत आणि का दिले नाहीत तेही सांगितले. त्याच रात्री तिन्ही कार्डांच्या प्रती आणि डाव्या सीटखाली फोन ठेवून केलेले ध्वनिमुद्रण जोडून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केला. दोन दिवसांनी वर्क्स मॅनेजरचा फोन आला.

चौथ्या वेळी मी दोनच गोष्टी मागितल्या: गाडी जो प्रत्यक्ष उघडणार आहे त्या माणसाने माझ्याबरोबर बसावे, आणि शोरूमची याच मॉडेलची टेस्ट ड्राइव्हची गाडी त्याच रस्त्यावर मला चालवू द्यावी. वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत शंभरेक पावलांचा पेव्हर ब्लॉकचा पट्टा आहे, तो मी आधीच पाहून ठेवला होता. शोरूमची गाडी त्यावरून मुकाट्याने गेली, तेव्हा ‘नॉर्मल साउंड’ हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. मग माझ्या गाडीत एक वयस्क मेकॅनिक काका बसले. ‘ताई, एसी बंद करा, काच खाली घ्या,’ एवढेच म्हणून त्यांनी उजवा बूट काढला आणि पाऊल गाडीच्या फरशीवर सपाट टेकवले. पट्टा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला गाडी हळूहळू मागे घ्यायला सांगून अचानक ब्रेक दाबायला लावला. डावीकडून एकच ‘धप’ असा ठोका आला. ‘पायाखाली लागतंय. लोअर आर्मचा मागचा बुश गेलाय. लिंकचा यात काही दोष नव्हता,’ असे ते म्हणाले. तीन खेपांमध्ये जे झाले नव्हते ते पंधरा मिनिटांत झाले, आणि मला अक्षरशः हायसे वाटले. लोअर आर्म म्हणजे चाक गाडीच्या चौकटीशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे आर्म आणि चौकट यांच्यामधले रबर. मागच्या बुशावर ब्रेक लावताना पुढे-मागे ओढ बसते, म्हणून तो फाटला की ब्रेकला ठोका देतो. गाडी लिफ्टवर घेऊन काकांनी लोखंडी पहार लावून आर्म हलवला, तेव्हा रबर धातूपासून सुटून दोन बोटे लांब चीर पडलेली मलाही दिसली. मी तिचा फोटो काढला, आणि तो काढलाच पाहिजे, कारण वॉरंटीत बदललेला जुना भाग कंपनीकडे परत जातो.

त्या फोटोचा उपयोग लगेच झाला, कारण ॲडव्हायझरने ‘रबर हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही’ असा आक्षेप काढला. माझ्याकडे वॉरंटी पुस्तिका होती. वगळलेल्या भागांच्या यादीत ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट ही नावे होती. लोअर आर्म किंवा बुश नव्हता. शिवाय या गाडीत बुश सुटा मिळत नाही, आर्मच बदलावा लागतो. मी पान उघडून समोर ठेवले आणि आक्षेप मागे घेतला गेला. प्रत्येक कंपनीची यादी वेगळी असते, म्हणून आपली पुस्तिका वर्कशॉपला निघण्याआधी घरी बसून वाचावी. वाद वाढला असता तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवण्याची आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे जाण्याची माझी तयारी होती. त्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडेही दाद मागता येते. ती वेळ आली नाही.

आर्म यायला अकरा दिवस लागले. बसवण्याच्या दिवशी मी पुन्हा काकांनाच भेटले, कारण एक गोष्ट मी वाचून ठेवली होती: बुशाचे बोल्ट चाके अधांतरी लोंबत असताना पूर्ण आवळले तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळणे करायचे असते. काका म्हणाले, ‘तसंच करतो, ताई, काळजी करू नका,’ आणि खरोखरच गाडी पिटवर उतरवून, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ते केले. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, झाले. आर्म बदलल्यावर ते करावेच लागते आणि त्याची छापील प्रत मागून घ्यावी.

आधी सांगायचे राहिले: गाडी देण्यापूर्वी डिकी आणि दारांचे कप्पे पूर्ण रिकामे करावेत आणि जॅक घट्ट बसलेला आहे का ते पाहावे, नाहीतर पहिला दोष तुमच्या छत्रीवर आणि पाण्याच्या बाटलीवर येतो. गाडी ट्रायलनंतरच धुवावी असे कार्डावर लिहून घ्यावे, कारण पाण्याने रबराचा आवाज काही वेळ दबू शकतो. आणि वॉरंटी संपत आलेली असेल तर आवाज किरकोळ वाटला तरी मुदतीच्या आत तारखेसह नोंदवून ठेवावा. माझे पाचवे कार्ड वॉरंटी संपल्यानंतर नवव्या दिवसाचे आहे. पहिली चार मुदतीतली होती म्हणूनच त्यावर रकमेच्या जागी शून्य आहे. त्याच कार्डावर ट्रायलच्या रकान्यात काकांच्या अक्षरात लिहिले आहे: ‘मागच्या गल्लीत पेव्हर ब्लॉकवर ट्रायल घेतली, ताई सोबत होत्या, आवाज बंद.’