समोर कोणीच नसतं

शनिवार, रात्रीचे साडेनऊ

आज चार महिन्यांनी जिम्नॅस्टिक्सच्या मोठ्या बीमवर, म्हणजे त्या उंच, अरुंद पट्टीवर, सिरीज केली, दोन उड्या न थांबता. बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे हात टेकून मागे उलटी उडी, आणि त्याला जोडून लगेच लेआउट, म्हणजे हात न टेकता अंग सरळ ठेवून उलटी उडी. खाली जाड मॅट टाकलेली होती, माझ्या कोच मॅडम बाजूला उभ्या होत्या पण त्यांनी हात लावला नाही. एकदाच केली आणि उतरले. अजून एक कर असं मॅडम म्हणाल्या नाहीत, मीपण विचारलं नाही. येताना स्कुटीवर आईच्या मागे बसून घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाही, सिग्नलला आईने वळून विचारलं पण, पडलीस का गं? मी नुसतं तिच्या पाठीवर डोकं टेकवलं. सांगायला गेले असते तर रडायलाच आलं असतं.

एप्रिलमध्ये पडले तेव्हा हाड वगैरे काही मोडलं नव्हतं. डावा हात बीमच्या बाहेर गेला आणि मी बरगडीवर आदळले, एक्स-रे साफ, तीन आठवडे आराम, सगळे म्हणाले थोडक्यात वाचलीस, मलाही तसंच वाटलं. परत गेले, फ्लोअरवर सगळं नीट, व्हॉल्ट म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायची उडी, तीही नीट, बारवर तर आधीपेक्षा चांगलं. आणि बीमवर उभं राहून हात वर केले की काहीच नाही. म्हणजे मनात सगळं पाठ आहे, एक दोन तीन म्हणते, गुडघे वाकतात आणि पाय बीमला चिकटून बसतात. सहा वर्षं रोज केलेली गोष्ट, आणि शरीर नाही म्हणतं. बीम १० सेंटीमीटर रुंद असतो, जमिनीपासून १२५ सेंटीमीटर उंच. लहानपणी हे आकडे मी पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, एप्रिलनंतर ते नुसते ऐकले तरी पोटात गोळा यायचा.

त्या दिवसांत सगळे एकच सांगायचे, कॉन्फिडन्स ठेव. काका, शेजारच्या काकू, कॉलेजमधल्या मैत्रिणी, सगळे मनापासून सांगायचे, पण तो आणायचा कुठून हे कोणालाच सांगता यायचं नाही. मॅडम एकट्याच अशा होत्या की ज्या तसं काही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, रोज बीमवर चढायचं, आणि आज होणार नाही असं वाटलं तर मला तोंडाने सांगायचं, नुसतं उभं राहायचं नाही. पहिल्या दिवशी "मॅडम, आज नाही" म्हणायला मला पंधरा मिनिटं लागली, खरंच. वाटलं आता ओरडतील. त्या बरं म्हणाल्या आणि छोट्या बीमवर पाठवलं, तो जमिनीपासून वीतभर उंच असतो. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. महिनाभर नाहीच म्हणत होते.

टोकियो ऑलिम्पिकला अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टीम फायनलमधून माघार घेतली तेव्हा मी लहान होते, आमच्या ग्रुपमध्ये मोठ्या मुली वाद घालत होत्या की एवढी मोठी खेळाडू अशी कशी सोडू शकते. तेव्हा मलापण तसंच वाटलं होतं. आता कळतं की हवेत असताना आपण कुठे आहोत हे कळेनासं होणं म्हणजे काय, आणि तसं असताना उडी मारली तर मान मोडू शकते. नंतर ती बीमच्या फायनलला उतरली, शेवटची ट्विस्टवाली उडी काढून साधी पाइक डबल, म्हणजे पाय सरळ ठेवून कंबरेत वाकून दोन कोलांट्या, केली आणि ब्राँझ घेतलं. मला तिच्या सगळ्या गोल्डपेक्षा ते ब्राँझ जास्त जवळचं वाटतं, कारण तिने आधी नाही म्हटलं होतं आणि मग तिला जमेल तेवढ्याला हो म्हटलं.

दादा कबड्डी खेळतो. त्याच्या समोर माणूस असतो, पकडायला, हात लावून परत यायला. तो लहानपणी मला विचारायचा, आज कोणाशी होती तुझी मॅच? मला उत्तरच देता यायचं नाही. आमच्यात समोर कोणीच नसतं. ९० सेकंद असतात आणि बीम असतो. मी काय करतेय त्याला दुसरी मुलगी हातही लावू शकत नाही आणि ती करते त्याला मी. मागच्या वर्षी १६ ची झाले, सिनिअरमध्ये पहिल्यांदा उतरले, तेव्हा बारच्या आधी माझी पाण्याची बाटली सापडेना, ग्रिपवर, म्हणजे बार धरताना हाताला बांधतो त्या पट्ट्यांवर, स्प्रे मारायला. ठाण्याची एक मुलगी शेजारी बसली होती, तिने न विचारता तिची पुढे केली, माझ्या दोन्ही ग्रिपवर स्वतः मारून दिलं आणि म्हणाली जा, छान कर. शेवटी तीच माझ्या पुढे गेली, ०.०५ ने. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, त्या रात्री जेवले नाही. पण तिच्यावर राग धरायला जागाच सापडली नाही मला.

पॉइंटचं म्हटलं की मला नेहमी आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर आठवते. रिओ ऑलिम्पिक २०१६, व्हॉल्ट फायनल, १५.०६६, चौथी. तिसरीला १५.२१६. म्हणजे ०.१५० चा फरक. उतरताना एक छोटं पाऊल हललं तरी ०.१ जातो आमच्यात, त्यावरून ०.१५० म्हणजे किती ते बघा. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल, प्रोडुनोव्हा, म्हणजे व्हॉल्टवरून पुढे दोन कोलांट्यांची अवघड उडी, करून ती एकदम खाली बसते आणि तशीच उठून उभी राहते. आणि मग गुडघ्याचं ऑपरेशन, मधली सगळी वर्षं, आणि २०२४ ला ताश्कंदमध्ये एशियन चॅम्पियनशिपला गोल्ड, वयाच्या तिसाव्या वर्षी. मला लोक म्हणतात बारावी आहे, आता किती दिवस करणार. मी तिचं वय सांगते.

बारावीचं टेन्शन आहेच. अकाउंट्सची दोन प्रकरणं राहिलीत, सकाळचा सेशन साडेपाचला, कॉलेज, परत चार ते आठ, मग डोळे मिटतात. मैत्रिणींचे वाढदिवस मी फोटोत बघते. याचं दुःख होतं कधीकधी, रोज नाही. घरी आले की आजी माझे तळहात बघते, बारने साल निघालेली असते, त्यावर साजूक तूप लावते, एकेका बोटावरून हळू, आणि लावताना दिवसभर काय झालं ते विचारते. तिला सिरीज म्हणजे काय ते माहीत नाही. आज तिने विचारलं, उलटी उडी मारलीस का? मी हो म्हटलं. तिचा हात तिथेच थांबला माझ्या अंगठ्यावर, मग म्हणाली, भीती वाटली? खूप, म्हटलं. बरं, म्हणाली, आणि परत तूप लावायला लागली.

भीती खरंच होती. आज गेली नव्हती ती. हात वर केले तेव्हा पोटात तसंच झालं जसं मे महिन्यात व्हायचं. पण मॅडमनी विचारलं, आज? आणि माझ्या तोंडून हो आलं, आणि ते मला खरं वाटलं, कारण इतके दिवस नाही म्हटलेलं कोणी खोडून काढलं नव्हतं. एवढंच कळलं मला. हात बीमवर टेकले तेव्हा खडूची रेघ दोन्ही तळव्यांच्या मधोमध दिसली, आणि मग वरचे पंखे, आणि मग परत बीम आणि त्यावर माझा पाय.

रेघेवरून आठवलं. जूनपासून दादाने गच्चीवर माझ्यासाठी बीम आखून ठेवलाय, फूटपट्टीने १० सेंटीमीटर मोजून, ५ मीटर लांब, खडूने. पाऊस आला की धुऊन जातो आणि तो परत आखतो. आत्ता बाहेर जोरात पडतोय. दादाने मघाशी दारातून डोकावून विचारलं, आता मोठ्यावर झालं ना, मग उद्या आखू की नको?

आख म्हटलं.